पाय धुवा, पुसा, मग टीव्ही

सिंधूकाकी आज पहाटे गेली.

मी आयुष्यात पहिला टीव्ही पाहिला तो तिच्या घरी. आत बसून नाही, खिडकीतून.

आमचं गाव मारेगाव तालुक्यातलं. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, काकी नात्यातली नाही, तिचं घर वरच्या आळीत. रविवारी सकाळी लहान मुलांची एक मालिका लागायची. हरवलेला भाऊ शोधत गावोगाव फिरणारी मुलगी, एवढीच स्टोरी. आम्ही वस्तीतली दहा-बारा पोरं काकीच्या खिडकीचे गज धरून ती पाहायचो.

आत येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. या असंही नव्हतं म्हटलं.

एका वर्षी दिवाळीनंतर ती खिडकीच बंद झाली.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. कापसाचा भाव पडलेला, सरकारी खरेदी केंद्र कधी उघडेल याचा पत्ता नाही, म्हणून वेचलेला कापूस घरातच ठेवायचा. काकीची पुढची खोली पार खिडकीच्या वरपर्यंत भरली. टीव्ही होता उंच कोनाड्यात, त्याच्यापुरती जागा सोडलेली. खिडकीत मात्र नुसता पांढरा कापूस.

तरी आम्ही गेलोच. भिंतीला कान लावून उभे राहिलो.

काकी भांड्याचं पाणी फेकायला बाहेर आली.

"काय करून राह्यले रे इथं?"

"ऐकून राह्यलो, काकी."

"टीव्ही काय ऐकाची गोष्ट आहे? चला आत. पाय धुवा अन् चढा कापसावर."

कापसावर तसाच पाय द्यायचा नाही, लक्ष्मी असते, हे आमच्याकडे कोणालाही माहीत. तिनं दाराशी बादली ठेवली. स्वतःच्या दोन पोरांनाही पाय धुवायला लावले. मी ते तेव्हाच बघून ठेवलं होतं. असल्या गोष्टी आम्हाला लवकर दिसतात.

तिची सासू आतून म्हणाली, "त्याइले कायले आत घेतलं? लक्षुमी आहे ते."

काकी म्हणाली, "वेचला त्याइच्याच मायनं. तवा नव्हती का लक्षुमी?"

माझी आई खरंच त्यांच्याच वावरात वेचणीला जायची.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही कापसाच्या ढिगावर बसून टीव्ही पाहिला. ज्यानं साठवलेल्या कापसात अंग टाकलंय त्याला विचारा काय खाज सुटते. खाजवत खाजवत पाहिली सिरीयल. आता लोक इथं फेसबुकवर जुन्या मालिकांच्या क्लिप टाकतात, कमेंटमध्ये 'गोल्डन डेज' लिहितात. माझा मात्र त्या मालिकेचं गाणं ऐकलं की हात आपोआप मानेकडे जातो.

मग केंद्र उघडलं. काकांनी कापूस गाडीत भरायला घेतला, अन् दाराकडचा ढीग खालून पिवळा निघाला. ओलसर, वास मारणारा.

धुतलेले पाय घेऊन आम्ही दर रविवारी तसेच वर चढत होतो ना. पुसायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्याही नाही, काकीच्याही नाही.

मी अंगणातच होते. खरं सांगते, कापसाची काळजी मला नव्हती. पुढच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता.

सासू म्हणाली, "म्या म्हटलं होतं."

काकांनी पिवळा कापूस हातात घेतला. "हे कशानं झालं?"

आता ही आमचं नाव घेते, असं मला वाटलं. दुसरं कोणी असतं तर घेतलंच असतं.

काकी म्हणाली, "पाय धुवाले म्या लावले पोराइले. पुसा म्हनाचं राह्यलं. चूक माही आहे."

काका कमी बोलणारे. त्यांनी थोडा वेळ कापूस चोळून पाहिला. "बाजूले ठेव. गादी भराले होईन."

त्या रविवारी आमच्यातलं कोणीच गेलं नाही. आईनं सांगितलं होतं, तिकडं पाऊल टाकायचं नाही. मी चुलीपाशी बसून रडत होते. भाऊ सापडला का नाही, हे आता आपल्याला जन्मात कळणार नाही, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात काकी दारात. वरच्या आळीतली बाई आमच्या दारात अशी सकाळी सकाळी कधी येत नसे. खांद्यावर टॉवेल.

"काहून नाही आले पोरं? सुरू होऊन राह्यलं ना."

आई म्हणाली, "कापूस खराब झाला ना, बाई."

"कापूस झाला. पोरं कायले खराब करता? पाठव."

आम्ही पळत गेलो. पाय धुतले. तिनं एकेकाच्या पायाकडे बघून टॉवेल दिला, बोटांच्या मधात ओलं राहिलं तर परत पुसायला लावलं. वर चढायला कापूसच उरला नव्हता, खोली रिकामी होती. तरी पुसायला लावलं.

शेवटचा भाग पूर्ण पाहिला. लाईट गेली नाही. भाऊ सापडला.

मी आता लोहाऱ्याला राहते. सकाळी फोन आला, निघाले. बऱ्याच वर्षांनी त्या दारात उभी होते. मैतीहून परत आलेली माणसं बादलीतल्या पाण्यानं पाय धुऊन, कडुनिंबाचा पाला तोंडात धरून आत जात होती. मीही पाय धुतले अन् उंबऱ्याजवळ थांबले.

तिचा मोठा मुलगा प्रशांत दिवसभर रडला नव्हता. त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं अन् खांद्यावरचा टॉवेल काढून दिला.

"पूस. माय ओरडन."

मग तो रडला. मीही.

पाय नीट पुसले, काकी. बोटांच्या मधातही.

तुले मनापासून जयभीम.