लॅमिनेट केलेल्या फ्लॉप्या

"सर, कात्री ठेवा खाली. उद्या उद्घाटन हाये," प्राचार्य म्हणाले.

मी ठेवली नाही. माझ्या हातात दोन जुन्या फ्लॉप्या होत्या आणि दोन्ही लॅमिनेट केलेल्या. हो, लॅमिनेट. मार्कशीट करतात तशा, गरम मशीनमधून काढून. तपासणीला कमिटी येणार म्हणून कॉलेजने संगणकाच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं होतं, त्यात त्या ठेवल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

याच कॉलेजात मी लॅब-इन्चार्ज होतो. ऐंशीच्या दशकात पहिलं मशीन आलं तेव्हापासून रिटायर होईपर्यंत. त्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती. बटण बंद केलं की सगळं कोरं. जपायचं ते फ्लॉपीवर उतरवायचं. फ्लॉपी म्हणजे चौकोनी प्लास्टिकच्या पाकिटात फिरणारी पातळ चुंबकी चकती. तिला धूळ लागू नये म्हणून आम्ही चपला बाहेर काढून खोलीत जायचो. आणि या लोकांनी ती भाजून काढली!

त्या दोन फ्लॉप्यांवर राठोड गुरुजींनी जमवलेले ढावलो होते. बंजारा तांड्यावर नवरी सासरी निघते तेव्हा रडत गायची गाणी, ती ढावलो. गुरुजी तांडोतांडी हिंडून म्हाताऱ्या बायांकडून ती वहीत उतरवून आणायचे. शनिवारी दुपारी ते वाचायचे, मी टाइप करायचो. त्या मशीनमध्ये मराठी अक्षरं नव्हती, म्हणून रोमन लिपीत. पुढे गुरुजी गेले. वही वाळवीने खाल्ली. आता त्यांची मुलगी शारदाताई फुलसावंगीकडच्या तांड्यावरून बसने आल्या होत्या. "बाबाचं तेवढंच राह्यलं हाये, सर," असं त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या.

"हे कोणी केलं?" मी प्राचार्यांना विचारलं.

"मीच करून घेतलं. जुनी चीज, खराब होऊ नये म्हणून. चुकलं काय त्यात?"

"मग आतलं वाचायचं कसं?"

"वाचायले कोण येऊन राह्यलं, सर? लोकं पाह्यतीन फक्त."

शारदाताई माझ्या मागेच उभ्या होत्या. "मी आली ना वाचायले," त्या म्हणाल्या.

मी कात्री चालवली.

माझ्या घरी एक जुनं मशीन अजून चालतं. शारदाताईंना घेऊन मी तिथे गेलो. पाकिटं उष्णतेने आखडली होती, आत चकती फिरायला जागा नव्हती. मी पाकिटाची कड कापली, चकती कडेला धरून हळूच बाहेर काढली आणि एका कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात सरकवली. ड्राइव्ह बराच वेळ करकरला. मग स्क्रीनवर अक्षरं आली.

शारदाताई एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. "हे तं माह्या आजीचं हाये!" डोळ्यांना पदर लावत त्या पुढे वाचत गेल्या. गाणं अर्ध्यातच थांबलं.

"पुढचं, सर?"

"दुसऱ्या फ्लॉपीवर."

दुसरीची चकती वितळून लाटालाटांची झाली होती. मशीन एकच विचारत राहिलं: अबॉर्ट, रिट्राय, फेल? संध्याकाळपर्यंत मी रिट्राय दाबत होतो. एक ओळही आली नाही.

मग माझं तोंड सुटलं. प्राचार्य, कमिटी, प्रदर्शन, कोणालाच सोडलं नाही. शारदाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, एक विचारू? तुमी तं तिथंच होते ना इतके वर्षं? सीडी आली, पेनड्राइव्ह आला. तवा काहून नाही उतरवून घेतलं?"

दहा मिनिटांचं काम होतं. लॅबच्या कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे, एवढ्यावर मी निर्धास्त होतो. आहे तेवढं कागदावर छापून दिलं आणि बसस्टँडवर सोडून आलो.

नवं मशीन आलं की जुन्यातलं त्याच दिवशी त्यात उतरवून घ्यावं. हे मी दरवर्षी नव्या बॅचला पहिल्याच तासाला शिकवायचो.