खोडलेल्या ओळीशेजारची सही

तीस वर्षं मी ही गोष्ट तोंडाबाहेर काढलेली नाही. बायकोपाशी नाही, आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हाही नाही. ताईला तर नाहीच — आणि आता तिला सांगायची सोय उरली नाही. फाल्गुनात ती गेली. तेव्हापासून रोज लिहायला बसतो, आणि रोज दुसऱ्याच कशाबद्दल तरी लिहून उठतो.

आज वहीपासून सुरुवात करतो. वहीबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं.

आमच्या उज्जैनच्या घरात लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. घरातल्या चौघांनी आपल्याला हवंसं वाटेल ते तिच्यात लिहायचं — पुस्तक, सिनेमा, छंदाची एखादी वस्तू. गरजेचं मात्र लिहायचं नाही. "गेहूं-तेल इसमें नहीं," बाबा म्हणायचे, "ही मनाची वही आहे." आईनं एका वर्षी लिहिलं होतं: मधे न उठता, शेवटपर्यंत बघायचा एक सिनेमा. दर दिवाळीला बाबा वहीतली सगळ्यांत जुनी इच्छा पुरी करत. एकच. मन उतरलं तर ओळ खोडायची मुभा होती, पण ज्याची त्यानं, आणि शेजारी छोटी सही करून. बाबा बँकेत होते. तिथे एक अक्षर खोडलं तरी शेजारी सही लागते. बिनसहीची खाडाखोड त्यांना घरातही खपत नसे.

मी बहुतेक पुस्तकांची नावं लिहायचो, आणि ती वाचनालयात मिळाली की खोडून सही करायचो. पण अकरावीत असताना मी लिहिलं — वॉकमन. त्या वर्षांत फ्रीगंजच्या दुकानांमध्ये रोज काही नवं दिसायचं. टावर चौकातल्या एका दुकानाच्या काचेमागे तो होता, आणि मी शाळेतून येताना वाकडी वाट करून त्याला बघून यायचो.

ताईची एकच ओळ होती. 'दुर्बीण, पक्ष्यांसाठी.' ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी सकाळी क्षिप्रेच्या पुलावर जाऊन उभी राहायची, दोन्ही मुठींची नळी करून डोळ्यांना लावायची. खंड्या, टिटवी, पाणकावळा — घरी येऊन नावं सांगायची. आई वैतागायची, "अगं, लोक काय म्हणतील, जवान मुलगी पुलावर उभी राहून आसमान बघते!"

त्या दिवाळीला तिची ओळ सगळ्यांत जुनी होती. माझी तिच्या लगेच खाली. मला फक्त एक वर्ष थांबायचं होतं. आणि ताईचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरातली तिची ती शेवटची दिवाळी होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहायचा मोह झाला, म्हणून मुद्दाम लिहितो — माहीत होतं.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी पट्टी ठेवून तिची ओळ खोडली आणि शेजारी सही केली — 'सुधा'. तिच्या सहीचा शेवटचा काना लांब खाली उतरायचा. रफ वहीत मी तो आधी गिरवला होता. तेव्हा मला काय वाटलं? भीती? लाज? खरं सांगू — काना छान जमला म्हणून बरं वाटलं.

दिवाळीच्या आधी बाबांनी वही उघडली. खिडकीपाशी बसून ते पान बराच वेळ बघत राहिले. बँकेत आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून बघितलेला माणूस.

"सुधे, दुर्बीण नको झाली का गं?"

ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. वहीवर वाकली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं.

"हो बाबा, मन उतरलं," ती म्हणाली. "विनूला वॉकमन आणा. नाहीतर वर्षभर तोंड फुगवून बसेल बंदर."

"पक्का?"

"एकदम पक्का."

आई हसली. बाबांनी वही मिटली. तेवढ्या वेळात मी किती वेळा बोलू शकलो असतो? एकच शब्द पुरला असता.

वॉकमन आला. ताईनं तो माझ्याकडून मागून घेतला, कानांना लावून अंगणात डोलली. होळीपर्यंत तो बंद पडला. ताई लग्न होऊन रतलामला गेली. त्या वहीत तिनं पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

दर भाऊबिजेला ती माझी सगळी जुनी पापं काढायची — चोरून खाल्लेल्या करंज्या, तिच्या सायकलची मोडलेली घंटी. हे एक कधी काढलं नाही. का? कमावता झाल्यावर मी तिला दुर्बीण देऊ शकलो असतो. पण दुर्बीण दिली की गोष्ट निघाली असती. म्हणून मी साड्या दिल्या. वर्षानुवर्षं, चांगल्या साड्या.

तेराव्यानंतर तिची मुलगी रेवा एक पिशवी घेऊन आली. "मामा, आईच्या पक्ष्यांच्या वह्या. तुमच्याकडेच ठीक राहतील." नुसत्या डोळ्यांनी बघितलेल्या पक्ष्यांची पानंच्या पानं त्यांत होती. एका वहीच्या शेवटी मथळा होता — 'हवं आहे'. खाली दोन हस्ताक्षरं आळीपाळीनं, ताईचं आणि रेवाचं. खोडलेल्या ओळी, शेजारी छोट्या सह्या. मला वाटत आलं होतं की तिचं मागणंच मी संपवलं. तसं झालेलं नव्हतं. ती आपली रीत बरोबर घेऊन गेली होती, मुलीला शिकवून गेली होती. तिची शेवटून तिसरी ओळ — 'दुर्बीण'. न खोडलेली.

"ही तशीच राहणार," रेवा म्हणाली. "आईची ओळ आई सोडून कोण काटणार? रूल है ना!"

मी फ्रीगंजमधून दुर्बीण आणली. रविवारी रेवा येते आहे, सकाळी पुलावर जायचं ठरलंय. ती आत्ताच फोनवर दटावते, "मामा, सहा बजे म्हणजे सहा!" किती तरी वर्षांनी मी घड्याळाला गजर लावणार आहे.

काल लाल वही काढली. तीस वर्षांपूर्वी मी केलेली 'सुधा' ही सही खोडली, आणि शेजारी माझी केली — पूर्ण नाव, कालची तारीख. खाली नव्या ओळीवर लिहिलं: दुर्बीण, पक्ष्यांसाठी.

रेवाला अशी पानं वाचता येतात. पुलावर पोचल्यावर आधी तिच्या हातात वही देईन. दुर्बीण मग.