स्टेटमेंटवरचं बियाण्याचं दुकान

मी जालन्यात कॉलेजात शिकवत होतो. पगार बँकेत जमा व्हायला लागला आणि बँकेनं आम्हा सगळ्यांना एकेक कार्ड दिलं. आईला ऐकू येणं पार कमी झालं होतं, म्हणून तिच्यासाठी कानाचं मशीन घेतलं, तेव्हा दुकानात पहिल्यांदा ते कार्ड दिलं. खिशात हात न घालता खरेदी झाली याचं मला मोठं कौतुक वाटलं.

ते कौतुक पुढच्या महिन्यात पोस्टानं स्टेटमेंट येईपर्यंत टिकलं. त्यात कानाच्या दुकानाचं नाव कुठंच नव्हतं. होता तो कुठल्यातरी बियाण्याच्या दुकानाचा खर्च. नाव इंग्रजीत, तेही मधेच तोडलेलं, आणि पुढं ‘सीड्स, जालना’. आकडा मशीनच्या बिलाशी जुळत नव्हता, म्हणून वाटलं मशीनचे पैसे अजून कापायचेच आहेत आणि हा भुर्दंड वेगळाच.

बँकेत गेलो. तिथले साहेब कागदाकडे न बघताच म्हणाले, “तुम्हीच खरेदी केली असेल सर. आठवून बघा.”

“मी बियाणं घेऊन काय करू? गच्चीवर पेरू?”

“मग घरात कुणाला कार्ड दिलं होतं का?”

वर त्यांनी एक फोन नंबर लिहून दिला. घरी येऊन तो लावला. एक बाई आधी हिंदीत, मग इंग्रजीत कुठलं बटण दाबायचं ते सांगत राहिली. मी दाबत राहिलो. मग गाणं लागलं आणि फोन कट झाला. चौथ्या खेपेला खरा माणूस भेटला. त्यानं तक्रार घेतली आणि कार्ड बंद करून टाकलं.

बायको एवढा वेळ दारात उभी होती. म्हणाली, “भाऊजी येऊन गेले ना मागच्या महिन्यात? बियाण्यासाठीच आले होते.”

“म्हणून त्यानं माझं कार्ड घेतलं?”

“मी कुठं तसं म्हणाले? विचारून बघा, एवढंच म्हणते.”

धाकटा भाऊ आमच्याच जिल्ह्यात टेंभुर्णीजवळ आमची शेती बघायचा. आम्हा नवरा-बायकोची बोलाचाली वाढत गेली. आई घरात असताना आवाज चढवायची आम्हाला वर्षानुवर्षांची सवय होती. तिला कुठं ऐकू जायचं! पण आता तिच्या कानात मशीन होतं. ती बाहेर आली, आम्हा दोघांकडे बघितलं, आणि म्हणाली, “माझ्या लेकराला चोर ठरवून राह्यले व्हय?” मग कानातलं मशीन काढून तिनं टेबलावर ठेवलं. “ह्ये असलं ऐकायला न्हाई पायजे मला.” त्यानंतर तिनंच मला गावी फोन लावायला लावला आणि सगळं भावाच्या कानावर घातलं. तो काय म्हणतोय ते तिला ऐकू येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भाऊ दारात हजर. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“कोन्तं कार्ड दादा? रेशनचं?”

“बँकेचं.”

“दाखव तरी. म्या बघितलंबी न्हाई कधी.”

“आता बंद केलंय ते.”

“केव्हा?”

“काल.”

“काल! आन् पैसे गेल्ते मागच्या महिन्यात. मंग आता बंद करून काय फायदा?”

त्यानं स्टेटमेंट माझ्या हातून घेतलं आणि मला मोंढ्यात, बी-बियाण्याच्या बाजारात, घेऊन गेला. जालन्यात बियाण्याची दुकानं काय कमी आहेत? पाट्यांवर देवांची नावं, कागदावर फर्मचं तुटकं इंग्रजी. दुकानादुकानांत कागद दाखवून माझं तोंड कडू झालं. शेवटी एका गल्लीतला दुकानदार म्हणाला, “हे आमच्याच मशीनवरचं हाय साहेब. पण बियाण्याचं न्हाई. पलीकडच्या रोडला माझ्या साडूचं कानाच्या मशीनचं दुकान हाय. त्याच्याकडं कार्डाची सोय न्हाई, मंग तो गिऱ्हाइकाचं कार्ड आणून इथं मारतो.”

आत्ता आठवलं. ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणत तो माणूस माझं कार्ड घेऊन मागच्या दारानं गेला होता, आणि येताना आणलेल्या कागदावर मी न वाचताच सही ठोकली होती.

साडूला गाठलं. “मग पैसे जास्त कसे?”

“दोन टक्के लागतात ना साहेब कार्डाला.”

“बिलावर का नाही लिहिले?”

“बिल मशीनचं हाय. टक्के कार्डाचे.”

भाऊ मोठ्यानं हसला. मला हसू येईना. तसाच बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, तक्रार मागे घ्यायला अर्ज लागेल, बंद केलेलं कार्ड काही पुन्हा चालू होत नाही, नव्यासाठी दुसरा अर्ज.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. बायको भावाच्या ताटात गरम भाकरी आणि तिच्यावर तूप वाढत होती, वर बघत नव्हती.

“वहिनी,” भाऊ म्हणाला, “चोराला इतकं तूप वाढतेत का?”

ती तशीच वाटी हातात धरून उभी राहिली. “चुकलं भाऊजी,” एवढंच म्हणाली, आणि आणखी एक चमचा तूप वाढलं.