दिनेशच्या रजेतला कप

लग्न होऊन मी रोह्याला निघाले तेव्हा आई टेम्पोच्या फळीला धरून उभी होती. डोळे पुसत म्हणाली, "नदीचं गोड पाणी मिळंल गो तुला." पेणच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधावर वाढलेल्या पोरीला याहून मोठा आशीर्वाद कुठला! भाऊ दिनेश मात्र नव्हता. फौजेत होता, रजा मिळाली नाही. मला त्याचा असा राग आला होता म्हणता!

गोड पाणी मिळालं, पण दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. नवऱ्याची शिफ्ट बदलली की माझी झोप, जेवण, सगळं बदलायचं. माझ्यासारख्या लग्न होऊन लांब गेलेल्या मैत्रिणींनो, तुमचंही असंच झालं असेल. एकच गोष्ट तिकडे आणि इकडे सारखी होती, कबड्डी! आमचं गाव आणि रोहा दर उन्हाळ्यात कपासाठी भिडायचे.

नव्व्याण्णवच्या मेमध्ये मैदान आखून झालं आणि कारगिलची लढाई पेटली. आमच्या गावचा चढाईचा गडी म्हणजे दिनेशच, आणि तो तिकडे वर डोंगरात. दोन्ही संघांनी कप पुढे ढकलला.

दिवाळीनंतर दिनेश रजेवर धडधाकट परतला आणि कपाचा दिवस ठरला. मला तर आनंदानं जेवण सुचेना! पण आईचा निरोप आला, "जेवतो, झोपतो, बोलत नाय." जो तो त्याला हार घालत होता, आणि तो जास्तच गप्प होत होता.

सामना रोह्याला होता. आई आली, मी तिच्या शेजारी बसले. रोह्याकडून डाव्या कोपऱ्यात माझा नवरा खेळत होता. दिनेश चढाईला आला, दोघांना शिवून आरामात परत गेला. पुन्हा आला, पुन्हा तेच. कुणी हात लावेना. फौजीला ओढून पाडायचं नाही, असं रोह्याच्या पोरांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं म्हणे. लोक टाळ्या वाजवत होते आणि दिनेशचं तोंड लालबुंद.

"अरे, खेळताय का सत्कार करताय?" तो मध्यरेषेवरून ओरडला.

तो पुन्हा आत शिरला तशी मी ताडकन उठले. "अहो, धरा त्याला! सोडू नका!"

आईनं पदर ओढला. "मेले, भाऊ हाय तुजा!"

"म्हणून तर सांगतेय गो आये!"

नवऱ्यानं झेप घेतली, दिनेशचा घोटा पकडला. वर बाकीचे पडले. धुळीचे लोटच्या लोट! दिनेश बाद. उठला तेव्हा गुडघा सोललेला आणि हा खदाखदा हसतोय. नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "भावोजी, आत्ता घरी आलो!"

आई तिथेच हसत रडायला लागली. कप शेवटी आमच्या गावानंच नेला, पण रोह्यात त्या दिवशी माझ्याएवढं खूश कुणीच नव्हतं. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी आता पेणही सांगत नाही आणि रोहाही सांगत नाही. जिथे आपली तंगडी बिनधास्त धरून आपल्याला पाडतात, ते घर.