अंबरीशने न घेतलेली सही

माझा नवरा अंबरीश लोकांना त्यांचं वजन विचारतो. तोंडावर. बायकांनासुद्धा. इथे लंडनमध्ये, ईलिंगला गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत त्याने माझ्या मैत्रिणीला, निवेदिताला विचारलं होतं, "तुझं वजन खरं किती गं? फॉर्मवर लिहिलंयस ते नको, खरं सांग." ती महिनाभर बोलली नाही. त्याच्याशी बोलायची, माझ्याशी नाही! मी काय घोडं मारलं होतं तिचं?

पण स्कीच्या दुकानातल्या त्याच्या कामात विचारायलाच लागतं. स्की म्हणजे बर्फावरून घसरायची लांब पट्टी, आणि बूट तिला जे धरून ठेवतं त्याला बाइंडिंग म्हणतात. पुढे एक जबडा, मागे एक, आत स्प्रिंग, स्प्रिंग आवळायला स्क्रू, आणि शेजारी नखाएवढ्या खिडकीत आकडा. माणूस पडला, पाय पिळला गेला, की बाइंडिंगने बूट सोडून द्यायचा. नाही सोडला तर ती लांबलचक स्की पाय पिळत जाते आणि हाड मोडतं. आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. तो ठरतो वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि स्की कितपत येते यावरून. आणि लोक धादांत खोटं बोलतात. बायका वजनातले पाच किलो खातात, पुरुष चार व्हिडिओ बघून एक्स्पर्ट होतात. म्हणून अंबरीश येईल त्याला काट्यावर उभं करतो.

पुण्यात मेकॅनिकल करून तो कार्डिफच्या एका छोट्या कंपनीत लागला होता. तिथे स्कीचे ब्रेक बनायचे. बूट सुटला की स्की एकटीच उतारावरून सुसाट निघते, खाली कोणी उभं असलं तर संपलंच. ती सुटताक्षणी दोन दांडे खाली येऊन बर्फात रुतले पाहिजेत. बूट परत बसला की ते वर येऊन आत वळले पाहिजेत, नाहीतर वळताना बर्फाला घासतात. त्या आत वळण्यावर माझ्या नवऱ्याने चार वर्षं घालवली. लग्न होऊन मी आले तेव्हा जेवायच्या टेबलावर वाकवलेल्या तारांचा ढीग असायचा. दांडे जमले आणि कंपनी बंद पडली. डिझाइन कोणीतरी विकत घेतलं, त्याचं नाव कुठेच आलं नाही. आम्ही हाउन्सलोला आलो, मी विमानतळावर बॅगेजच्या ऑफिसात लागले, आणि हा एका स्कीच्या दुकानात, मागच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन. त्याच्या बॅचचे लोक डायरेक्टर झाले. मी त्याला टोमणे मारले. मारले, कबूल करते. तो म्हणायचा, "मधू, या हातांनी रोज वीस माणसांचे पाय वाचतात. डायरेक्टर काय वाचवतो?" 

आता भाऊजी. अवधूतभाऊजी म्हणजे अंबरीशचे थोरले भाऊ. ईलिंगला असतात, फायनान्समध्ये. घरात शब्द त्यांचा आणि माना आमच्या. यंदा फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत ते सगळे फ्रान्सला स्कीइंगला निघाले. ते, वहिनी आणि तनू, त्यांची सोळा वर्षांची मुलगी. तनू म्हणजे शाळेच्या हॉकी टीमची कॅप्टन. एप्रिलमध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या टीमसाठी तिची ट्रायल होती, वर्षभर ती त्यासाठीच पळत होती. स्की त्यांच्या स्वतःच्याच. भाऊजी त्या अंबरीशच्या दुकानात घेऊन आले.

अंबरीशने तनूला काट्यावर उभं केलं, बूट मोजला, तक्ता पाहिला, आकडा साडेचारवर ठेवला, मशीनवर खोटा पाय पिळून तपासला आणि सगळं कार्डावर लिहिलं. दुकानाचा नियम असा की आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा, यात हात घालू नका म्हणून सांगायचं, आणि खाली सही घ्यायची. अंबरीशने वाचून दाखवला. सांगितलंही. सही मात्र घेतली नाही. शेजारी पेन होतं! नंतर मी विचारलं तर म्हणतो, "दादाकडून लिहून घेऊ? तुला बजावलंय, आता जबाबदारी तुझी, असं? थोरल्या भावाला?" एरवी अख्ख्या लंडनच्या बायकांची वजनं उघडी पाडणारा माणूस भावापुढे सहीची जागा कोरी ठेवतो.

फ्रान्समध्ये तिसऱ्या दिवशी तनूचं नडगीचं हाड मोडलं. पिळवटून, गोल जिन्यासारखं फिरत. स्की पायाला तशीच चिकटलेली.

भाऊजींनी इन्शुरन्सच्या फॉर्मवर लिहिलं की बाइंडिंग दुकानाने बसवलं, त्यानंतर कोणी हात लावला नाही. इन्शुरन्सवाल्यांनी दुकानाला पत्र टाकलं, स्की तपासायला मागवल्या. खिडकीत आकडा होता आठ.

अंबरीश घरी आला तो पांढराफटक. "मी साडेचार ठेवला होता, मधू. मी साडेचारच ठेवला होता." दहा वेळा तेच. त्याची मॅनेजर जेमा, तशी बरी बाई आहे. तिने कार्ड बघितलं आणि म्हणाली, आकडा तू लिहिलायस, तो आधी लिहिलास की नंतर हे मला कसं कळणार? सही कुठाय? शुक्रवारपर्यंत लेखी दे काय झालं ते. चूक तुझी ठरली तर बाइंडिंगला परत हात लावता येणार नाही.

नोकरी जाणार नव्हती. पण त्या माणसाकडे दुसरं होतं काय? ब्रेकवर नाव नाही, हुद्दा नाही, बायकोचे टोमणे आहेत. एवढं एक वर्कशॉप, जिथे त्याचा शब्द शेवटचा.

गुरुवारी दुपारी तनूचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, अंबरीशने फोन स्पीकरवर ओट्यावर ठेवला.

"काका, बाबांनी स्क्रू फिरवला."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"पहिल्या दिवशी मी दोनदा पडली ना, स्की निघून गेला. बाबा म्हणाले, हे लूज ठेवलाय, म्हणून तू पडते. लिफ्टजवळ बेंचवर स्क्रूड्रायव्हर असते, चेनला बांधलेली. त्यांनी टाइट केला. मी बघितली. मी जेमाला सांगते, काका. इट्स नॉट फेअर."

अहो, ती पडली म्हणून स्की सुटली होती! सुटली म्हणून ती उभी राहून हसत परत वर गेली होती, दोनदा. बाइंडिंगने आपलं काम चोख केलं होतं, आणि या शहाण्याला वाटलं स्की सुटली म्हणून पोरगी पडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोनकडे झेपावले, तर अंबरीशने माझा हात धरला.

"बाबांना विचारलंस?" त्याने तिला विचारलं.

"हो. ते म्हणाले, मी नाही फिरवला, तुला चुकून वाटते. मग ते बाथरूममध्ये गेले आणि रडत होते. मला ऐकू आला." तीही रडायला लागली. "काका, सांगू ना?"

 तव्यावरची पोळी करपली.

"नको," तो म्हणाला. "तू नाही सांगायचंस. वडिलांच्या विरुद्ध तू लिहून द्यायचं नाहीस, कळलं? पाय उंचावर ठेव. वेळेवर औषध घे."

फोन ठेवल्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तो एवढंच म्हणाला, "तिला अजून दोन वर्षं त्या घरात राहायचंय, मधू." आणि कोणाला काही सांगायचं नाही म्हणून मला तिची शपथ घातली. लेकराची शपथ! आम्हाला मूल नाही. तनूच्या नावापुढे माझं काही चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

शुक्रवारी त्याने लिहून दिलं, कदाचित माझ्याकडून नजरचूक झाली असेल. सोमवारपासून त्याला पुढे काउंटरवर बसवलं. हातमोजे, गॉगल, टोप्या. वर्कशॉपचं दार त्याच्या पाठीमागेच आहे. आत काम चालू असलं की आवाज येतो, म्हणून तो रेडिओ लावून बसतो.

गुढीपाडव्याला भाऊजींनी ईलिंगला जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हते. अंबरीश म्हणाला, नाही गेलो तर लोक विचारतील. पंधरा-वीस माणसं होती, निवेदिताही होती. तनू कुबड्या टेकून बसलेली, ट्रायल आता पुढच्या वर्षी, तीही पाय तसा भरून आला तर. पुऱ्या वाढून झाल्या आणि भाऊजी उभे राहिले. अंबरीशच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज नवीन वर्ष. माझ्या मनात काही नाही हं, अंबरीश. माणूस आहे, हातून चूक होते. मी तुला माफ केलंय."

दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. निवेदिता मला म्हणाली, किती मोठ्या मनाचे आहेत गं.

मी अंबरीशकडे बघत होते. मला वाटलं, आता. आता तरी बोल रे. एक वाक्य, फार नको. समोर तनू त्याच्याकडेच टक लावून बघत होती, ओठ घट्ट आवळून.

अंबरीशने हातातली पुरी ताटात ठेवली, वर बघितलं आणि म्हणाला, "थँक्यू, दादा."