ओल्या गाळाचा पट्टा

माझा धंदा फोटो स्टुडिओचा. हिंगोलीत दिवसभर पासपोर्टचे फोटो, उन्हाळ्यात लग्नं, आणि दर फोटोआधी एकच हुकूम: हलू नका. नवरदेव, म्हातारे, तान्ही लेकरं, सगळ्यांवर मी हा हुकूम वर्षानुवर्षं गाजवला. घरीही माझं बोलणं त्याच सुरात चालतं असं बायको म्हणते, आणि ती सहसा खोटं बोलत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला पाणकाठच्या पक्ष्यांचं वेड लागलं. दिवाळीनंतरचं पुसेगावकडचं एक लग्न उरकून मी येलदरी धरणाच्या मागच्या पाण्यावर हातपाय धुवायला थांबलो, तर कडेच्या चिखलात शेकाट्यांचा थवा चरत होता. काळे पंख, पांढरंशुभ्र पोट, सुईसारखी चोच आणि अंगाला न शोभणारे लांबलचक गुलाबी पाय. पण ते पाय पाण्यातून उचलून हा पक्षी असा काही चालतो की बघत राहावं. इतकं देखणं काही माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी आलं नव्हतं, आणि मी शेकडो नवरदेव पाहिलेले आहेत.

मला त्यांचा एक जवळून फोटो हवा होता. एका जुन्या मासिकात वाचलं की असे पक्षी समुद्रकाठी गाठावेत, ओहोटीची वेळ साधून, कारण ओहोटीला उघडा पडलेला चिखल म्हणजे त्यांचं वाढलेलं ताट. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मग मी धरणाचाच काठ पिंजून काढला. एका रविवारी जागा सापडायची, पुढच्या रविवारी रोल भरून जावं तर तिथे कोरडी, भेगाळलेली जमीन आणि थवा पार पलीकडच्या वळणावर. महिनाभर हेच चाललं. माझा राग पक्ष्यांवर निघत होता.

तिथेच एक मावशी भेटली. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली, दंडापर्यंत बांगड्या. ती गाळपेर करायची, म्हणजे धरणाचं पाणी ओसरून जो गाळ उघडा पडतो त्यात पीक घ्यायचं. पाण्याच्या अगदी कडेला ती तुराटीची काडी रोवत होती. तिच्या मागे, वरच्या अंगाला, तशाच काड्यांची रांग होती.

"मावशी, ह्या काड्या काहून?"

"पानी कुठवर गेलं ते कळाया. कॅनॉल सुटला की रोज मागं सरकून राहते. कॅनॉल बंद झाला की तिथंच थांबते."

"आन् हे पक्षी?"

"ते बी पान्यासंगं. कालच्या काडीपासून आजच्या काडीपर्यंत ओला गाळ, तितंच त्याहिचे किडे. वर कशाला येतीन?"

मी डोक्याला हात लावला. मासिकवाल्यांची भरती-ओहोटी चंद्रावर चालते; आमची कॅनॉलवर चालत होती आणि तिचा हिशेब तुराटीच्या काड्यांत होता. मी पाण्यापासून वर नजर टाकली तेव्हा तिचं खरं काम दिसलं. खाली बोटभर हरभरा, त्याच्या वर वीतभर, त्याच्याही वर घाट्याला आलेला. पाणी जसं उतरलं तशी ही बाई त्याच्या मागोमाग पेरत आली होती. गाळात बोट खुपसायची. बोटाला चिकटला तर अजून वेळ आहे, बोट स्वच्छ निघालं की त्याच दिवशी खळग्यात दाणा टोकायचा, दुसऱ्या दिवशी चिरा पडतात. नांगर नाही, बैल नाही. मला त्या बाईचा मनापासून हेवा वाटला. माझ्या कामात मी कधी इतका बरोबर नव्हतो.

डिसेंबरच्या मध्याला तिनंच मला जागा दाखवली. एका वळणावर उतार अगदी सपाट होता, त्यामुळे पाणी थोडंसं उतरलं तरी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. सकाळचं ऊन बरोबर पाठीमागून येत होतं. मी तीन दिवस दुकानाला कुलूप लावलं आणि पहाटेच ओलं बारदान अंगावर घेऊन पालथा पडलो. थोड्या वेळानं मावशी कमरेला बियाणाची गाठोडी बांधून उतरली.

"मावशी, हितं येऊ नका! पक्षी उडतीन."

"आज टोकाया पायजे, भाऊ. ह्यो शेवटचा पट्टा. कॅनॉल बंद होऊन राहिला, ह्याच्या खाली आता गाळ न्हाई निघायचा. वर्षाची डाळ हितंच होते आमची."

"एकच दिवस थांबा. तिकडं वर बसा. आन् हलू नका, बांगड्या वाजतेत."

तिनं गाळात बोट घातलं, वर काढलं, माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून वर जाऊन बसली. हुकूम चालला म्हणून मी खूश झालो. थवा मात्र दिवसभर लांबच राहिला, भिंगातून टिपक्यांएवढा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच सांगितलं. ती पुन्हा बसली. दुपारी एकदा उठून तिनं गाळ चाचपला आणि परत वर जाऊन बसली. मला ते दिसलं होतं. दिसून मी भिंगाला डोळा लावला, हे लिहायला मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. सरळ उतरली. पट्ट्याच्या वरच्या भागात भेगा पडल्या होत्या, फक्त पाण्यालगतची कड ओली होती. ती कडेनं वाकून चालायला लागली. टाचेनं खळगा, दाणा, वरून पायाच्या बोटांनी दाब. बांगड्या खळखळत होत्या. मी बारदानाखाली दातओठ खात होतो.

आणि थवा आला. तिच्यापासून दोन हातांवर उतरला, आणि तिच्या पावलानं जिथे गाळ उसवत होता तिथेच चोची घालायला लागला. ती पुढे, शेकाटे मागे. ती वळली की तेही वळायचे. छत्तीसच्या छत्तीस फोटो मी त्या एका तासात काढले.

जानेवारी संपता संपता त्यातला सगळ्यात चांगला फोटो मोठा करून मी तिला द्यायला गेलो. पाण्याच्या कडेला हिरवी बारीक किनार उगवली होती. तिच्या वर तो रुंद पट्टा तसाच, टक्कल पडल्यासारखा. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तितं उगलं न्हाई."

तिनं पदराला हात पुसून फोटो घेतला. त्यात ती मधोमध होती, वाकलेली, आणि तिच्या मागे पाच शेकाटे, एकाचा पाय अर्धा उचललेला. ती बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, पक्षी तुमाला भेत न्हाईत?"

"लहानपनापासून मागं फिरून राहिले माह्या. भेतीन काहून?"

"मंग पयल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

ती फोटोवरून नजर न काढता म्हणाली, "तुमी वर बसा म्हनले. मला वाटलं, फोटोत मी नको आसंल तुमाला."