माडीचा पाव आणि तीनदा लावलेला कौल

परवा जयगडजवळ चुलतभावाच्या होमस्टेवर गेले होते. नाश्त्याला माडीचा पाव, आणि बाहेर मोठा बोर्ड... ‘आमच्या घराण्याचा पारंपरिक माडीचा पाव’. वाचून माझं डोकंच फिरलं.

घराण्याचा म्हणे! तो पाव माझ्या आईचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, बाबा मुंबईत नोकरीला आणि आई-मी गावात मोठ्या काकांच्या, म्हणजे या चुलतभावाच्या वडिलांच्या घरात. आईचं माहेर वसईचं, शेजारच्या ख्रिश्चन मावशींकडून ती पाव शिकून आलेली.

तेव्हा आमच्या गावात यीस्ट कुठलं मिळायला... मैदा, मीठ, साखर, चमचाभर तूप आणि सकाळी माडावरून उतरवलेली ताजी माडी, बस्. फेसाळती माडी साखर खाते आणि वारा सोडते, त्याने पीठ फुगतं, असं आई मला सांगायची. पत्र्याच्या डब्यात पाव ठेवून वर-खाली निखारे घातले की अख्ख्या वाडीत वास जायचा.

एस.टी. स्टँडवरचा हॉटेलवाला रोज पाव नेऊ लागला. आईच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई आली, तशी ती कामं करताना गुणगुणायला लागली. काका तर सकाळी चहात बुडवून तीन-चार पाव सहज संपवायचे, वर ‘हलका झालाय हो’ म्हणायचे.

मग कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं, की पिठात माडी पडते. झालं! इतके महिने पाव पचवलेलं पोट एका दिवसात सोवळं झालं. घरात दारू आणते, उद्या प्यायलाही लागेल... काय काय बोलले. बाबांना मुंबईहून बोलावून घेतलं.

निखाऱ्यांवर माडीची नशा उडून जाते, हे आई परोपरीने सांगत होती. ऐकतंय कोण? शेवटी काका म्हणाले, पाव करू द्यायचा का ते देवालाच विचारू.

आमच्याकडे काही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आई लगेच तयार झाली, देवावर तिचा भरवसा होता.

उजवी पडली. मी बघितली... सगळ्यांनी बघितली.

काका म्हणाले, “पाकळी ओली होती. परत लाव.”

गुरवाने परत लावली. परत उजवी. तर म्हणे दारातून वारा आला. तिसऱ्यांदा डावी पडली आणि काकांनी झटकन हात जोडले, “देवाने सांगितलंन.” बाबांनीही जोडले. त्या जोडलेल्या हातांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आईने पुन्हा कधी पाव केला नाही. हॉटेलवाला दोनदा येऊन विचारून गेला, मग शहरातल्या बेकरीचा पाव आणू लागला. तिचं गुणगुणणंही थांबलं.

परवा आईचा तो पत्र्याचा डबा दिसला... होमस्टेच्या जेवणघरात, घासूनपुसून, शोभेला ठेवलेला. आणि वर भिंतीवर हार घातलेला काकांचा फोटो! मी तिथेच भावाला सगळं सुनावलं. “गेस्टसमोर कशाला ताई,” एवढंच म्हणाला.

एक पाव रुमालात बांधून आईसाठी आणला. आता ती थकलीये. तुकडा तोंडात ठेवून बराच वेळ चघळत बसली, बरा झालाय म्हणाली.

मग हळूच म्हणाली, “दोनदा उजवी पडली होती गो.”

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटायचं, देवाचं म्हणून तिने मान्य केलं असेल...

भावाला या पोस्टमध्ये टॅग केलंय. बोर्डावर खाली एक नाव मावेल एवढी जागा आहे, मी बघून आलेय.